पोटातलं भांडण आणि पावडरीची पुडी

(फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त पशुवैद्यांनी दिलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मंडळी, नमस्कार.

तुमच्या हातातल्या पत्रिकेवर 'पशुआहार : आज आणि उद्या' असा विषय छापलाय. मी कळवलेला विषय होता 'डुकरांच्या खाद्यातली अँटिबायोटिकं'. पण व्याख्यान देवळाच्या अग्रशाळेत, त्यात श्रावण चार दिवसांवर. तेव्हा डुकराचं नाव पत्रिकेवर नको, असं कुणाच्या तरी मनात आलं असणार. माझी काही तक्रार नाही. फक्त पुढचा तासभर मी डुकराबद्दलच बोलणार आहे, हे आधी सांगितलेलं बरं.

आणि तसं पाहिलं तर गोव्यात डुक्कर परकं कुणाला? माझी अर्धी नोकरी काणकोणात गेली, उरलेली सासष्टीत. घरामागे फिरणारं ते काळं, बुटकं जनावर आपण सगळ्यांनीच पाहिलंय, आणि ते काय खाऊन वाढायचं हेही इथल्या साठीपुढच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अग्रशाळेत बसून मी ते बोलत नाही. आज त्याच डुकराची 'आगोंदा गोवन' या नावाने देशी जात म्हणून रीतसर नोंद आहे. कोंडा, पेज, फणसाची चारखंडं, काजूच्या मोसमात बोंडू पिळून उरलेला चोथा, यांवर ते सावकाश वाढायचं. फेस्ताला किंवा लग्नाला कापायचं, तर घाई कुणाला होती?

घाई आली ती पांढऱ्या विलायती डुकरांबरोबर. लार्ज व्हाइट यॉर्कशायर, त्याचे संकर, सिमेंटची शेड, तयार खाद्याची पोती. आणि पोत्याबरोबर एक पुडी. टनाला चिमूटभर म्हणावी इतकीच पावडर, पण डुक्कर तरारून यायचं. ही पुडी मी स्वतः किती जणांना लिहून दिली त्याची गणती नाही. त्यावर येतोच. आधी ती पुडी आली कुठून ते सांगतो, कारण गोष्ट गमतीची आहे आणि ती घडली नाताळात.

१९४८ साल. अमेरिकेत लेडर्ली नावाच्या औषध कंपनीत टॉमस ज्यूक्स हे संशोधक कोंबडीच्या पिलांवर काम करत होते. शोध चालला होता बी-१२ जीवनसत्त्वाचा. त्याच कंपनीत ऑरिओमायसिन हे नवं अँटिबायोटिक तयार व्हायचं, आणि ते काढून घेतल्यावर आंबवणाचा चोथा उरायचा. आपल्याकडे काजूची दारू, हुर्राक, काढल्यावर भट्टीच्या भाणात काय उरतं, तसाच समजा. त्या चोथ्यात बी-१२ असणार म्हणून तो पिलांना घातला. नाताळच्या दिवशी सगळे सुट्टीवर, म्हणून ज्यूक्सनी स्वतःच पिलं तराजूत घातली. चोथा जास्त खाल्लेली पिलं सगळ्यांत जड भरली. बी-१२ने जेवढी भरायला हवीत त्याहूनही जड. पुढे ज्यूक्स आणि त्यांचे सहकारी स्टॉकस्टॅड यांच्या लक्षात आलं की चोथ्यात अँटिबायोटिकचा अंश राहिलेला आहे आणि करामत त्याची आहे. १९५०मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि वर्षभरात अमेरिकेत अँटिबायोटिक घातलेलं खाद्य दुकानात मिळायला लागलं. डॉक्टरची चिठ्ठी नको, काही नको. डुकरांवरही तोच परिणाम दिसला.

किती परिणाम? अमेरिकेत १९५० ते १९८५ या काळात झालेल्या शेकडो चाचण्यांची गोळाबेरीज अशी आहे: नुकतंच दूध तुटलेल्या पिलांची रोजची वाढ सुमारे १६ टक्क्यांनी जास्त, आणि तेवढ्याच वाढीला खाद्य ७ टक्क्यांच्या आसपास कमी. पण तीच पुडी मोठ्या, विक्रीला आलेल्या डुकरांना दिली तर वाढीतला फरक जेमतेम ४ टक्के. हा आकडा ध्यानात ठेवा. लहानाला १६, मोठ्याला ४. औषध तेच, पोतं तेच. मग फरक कशाचा?

इथे माणसाची पहिली समजूत अशी होते की अँटिबायोटिक म्हणजे काहीतरी टॉनिक, त्यात ताकद असते. माझ्याकडे येणारे शेतकरी पावडरीला 'विटामीन'च म्हणायचे. ही समजूत मोडणारा प्रयोग ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात झाला. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात कोंबडीची पिलं वाढवली. पोटात एकही जीवाणू नाही. त्यांना अँटिबायोटिक घातलं, आणि वाढीत काहीच फरक पडला नाही. शून्य. उलट, ती पिलं औषधाशिवायच चांगली वाढत होती. म्हणजे पुडीने पिलाला काही दिलं नव्हतं. पिलाकडून कुणीतरी काही घेत होतं, ते घेणं तिने थांबवलं होतं.

आता आतड्यात जाऊ या.

एक गोष्ट मी सगळ्या नव्या पशुवैद्यांना करायला सांगायचो. पिल्लू हगवणीने मेलं की त्याचं शवविच्छेदन करताना लहान आतड्याचा दोन बोटं तुकडा कापायचा, उभा चिरायचा, हलक्या हाताने धुवायचा आणि पांढऱ्या इनॅमलच्या थाळीत पाण्याखाली पसरायचा. मग भिंग धरायचं. निरोगी पिलाचं आतडं असेल तर पाण्यात मखमल उभी राहते. अक्षरशः मखमल, थाळी हलवली की डुलणारी. ते प्रत्येक बारीक बोट म्हणजे व्हिलस. अन्न शोषलं जातं ते त्या बोटांवरून. आणि दूध तोडून चार-पाच दिवस झालेल्या पिलाचं आतडं बघा: मखमल झिजून टॉवेल झालेला असतो. पुष्कळ वापरलेला, हॉटेलातला.

तीन आठवड्यांच्या पिलाचं दूध एकदम तोडलं तर पहिल्या चोवीस तासांतच या बोटांची उंची पाव हिश्शाने कमी होते, पाच दिवसांत जवळपास निम्मी. कारण साधं आहे. पिल्लू खात नाही. आई गेली, भावंडं बदलली, दुधाच्या जागी कोरडा भुसा समोर आला. पोटात काही उतरलं नाही की आतड्याचं अस्तर स्वतःलाच पोसू शकत नाही. दुसरं म्हणजे त्या वयात जठरात आम्ल पुरेसं तयार होत नाही. दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल व्हायचं, त्यावर काम भागायचं, तेही गेलं. न पचलेली प्रथिनं खाली मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे जंतूंची चंगळ होते.

त्यातला कोलाय, म्हणजे ई. कोलाय हा जीवाणू, मुख्य दांडगा. त्याच्या काही जातींच्या अंगावर केसांसारखे बारीक हात असतात, त्यांना एफ-४ आणि एफ-१८ अशी नावं आहेत. या हातांनी तो आतड्याला धरून बसतो. काही पिलांच्या आतड्यावर एफ-४ला धरायला जागाच नसते, जन्मतःच. ती पिलं बाजूला खुशाल हुंदडत असतात आणि शेतकरी म्हणतो, यांना बरं काही झालं नाही. धरून बसल्यावर कोलाय विष सोडतो, आणि हे विष मला फार आवडतं, पशुवैद्य म्हणून म्हणतो. आपल्या शरीरात ग्वानिलिन नावाचा एक निरोप्या असतो. तो आतड्याच्या पेशीवरच्या एका कुलपात बसतो आणि 'थोडं पाणी सोड' असं सांगतो. तेवढ्याने आतला रस्ता ओला राहतो. कोलायचं एक विष हुबेहूब त्याच कुलपात बसतं. ही चोराने करून घेतलेली दुसरी किल्ली. फरक इतकाच की घरचा माणूस नळ सोडतो आणि बंद करतो. चोर नळ सोडून निघून जातो. पेशीतून क्लोराईड बाहेर, त्यामागे पाणी बाहेर, आणि सकाळी शेडमध्ये शेपटीपर्यंत भिजलेलं, डोळे खोल गेलेलं पिल्लू.

म्हणजे बघा, रोगसुद्धा निरोपांचाच खेळ आहे. पोट म्हणजे आम्ही समजत होतो तशी पिशवी नव्हे. त्याच्या अस्तरात विखुरलेल्या हजारो पेशी चव घेत बसलेल्या असतात आणि रक्तात, मज्जातंतूंत निरोप पाठवत असतात. जठर रिकामं झालं की घ्रेलिन सुटतं: भूक लागली. खाली अन्न पोचलं की जीएलपी-१ आणि पीवायवाय सुटतात: आता पुरे. जिभेवर गोड ओळखणारी जी यंत्रणा आहे तीच आतड्यातही आहे. खाद्यात गोडी घातली तर आतडं साखर ओढून घेणारे दरवाजे वाढवतं. पिलांच्या तयार खाद्यात गोडी घालतात ती नुसती जिभेला लालूच नसते.

आता या संसारात जंतू काय करतात? ते शेवटी भाडेकरू. काही भाडं देतात. मोठ्या आतड्यात चोथा कुजवून ब्युटिरिक आम्लासारखी आम्लं तयार करतात, त्यावर तिथलं अस्तर जगतं. पण लहान आतड्यात गर्दी झाली की घरमालकाच्या ताटातलं आधी खातात, अमोनिया करतात, पित्त मोडून टाकतात म्हणजे चरबी नीट पचत नाही. आणि सगळ्यांत महाग गोष्ट: शरीराला सतत जागं ठेवतात. अस्तराचे सांधे सैल झाले की जंतूंच्या भिंतीचे तुकडे आत झिरपतात, रोगाशी लढणाऱ्या पहारेकरी पेशी ओरडायला लागतात, टीएनएफ, इंटरल्युकिन-६ असले निरोप सुटतात. हे निरोप मेंदूला जाऊन सांगतात, खाणं बंद कर. यकृताला सांगतात, वाढीचं काम थांबव, संरक्षणाची प्रथिनं कर. त्यासाठी कच्चा माल कुठून? स्नायू मोडून. तुम्हाला पिल्लू आजारी दिसत नाही. ताप नाही, हगवण नाही. फक्त केस उभे राहिलेले, आणि वजनकाटा जागचा हलत नाही.

आतडं शरीराच्या वजनात पाच-सहा टक्के भरतं, पण शरीराच्या ऊर्जेचा पाव हिस्सा एकटं खातं. सतत भांडण चालू असलेल्या घराचा खर्च वाढतो तसंच आहे. पुडी काय करायची तर हे भांडण दाबायची. औषध खाल्लेल्या जनावराचं आतडं उघडलं तर ते पातळ आणि हलकं मिळतं; सूज नाही, जाड भिंतीची गरज नाही. वाचलेलं सगळं अंगाला लागतं. लहानाला १६ आणि मोठ्याला ४ का, ते आता उलगडलं असेल. भांडण लहानपणीच मोठं असतं.

एक दुसरं मतही आहे. थिओ निवोल्ड या संशोधकांनी २००७मध्ये असं मांडलं की जंतूंचा संबंध मुळात दुय्यम. ही औषधं सरळ पहारेकरी पेशींनाच शांत करतात. मांडणी चतुर आहे. पण मला ती अर्धीच पटते. वाढीसाठी वापरलेली काही औषधं आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाहीत आणि तरी लागू पडायची. शिवाय ती जंतुविरहित पिलं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

पुडीत फक्त अँटिबायोटिकंच असायची असंही नाही. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकापासून डुकरांना घालत आले. आणि झिंक ऑक्साइड. पिलाला जस्ताची गरज किलो खाद्याला साधारण १०० मिलिग्रॅम. हगवण थांबवायला घालायचे २५०० ते ३०००. त्याने हगवण थांबते, यात वाद नाही, आणि पिल्लू जास्त खायलाही लागतं. जठरातून घ्रेलिन जास्त सुटतं असं दिसून आलंय. म्हणजे धातूची पूडसुद्धा भुकेच्या निरोपात हात घालते. पण खाल्लेलं बहुतेक जस्त शेणातून बाहेर येतं. ते शेण कुळागरात माडा-पोफळीच्या मुळाशी जातं आणि जस्त काही कुजून नाहीसं होत नाही. वर, जस्त सहन करणाऱ्या काही जंतूंमध्ये अँटिबायोटिक सहन करण्याची जनुकंही सोबत सापडतात. युरोपीय संघाने २०२२च्या जूनपासून हे मोठे डोस बंद केले.

माझी कबुली राहिली.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका शेडला मी टेट्रासायक्लिनची पावडर खाद्यातून चालू करून दिली. महिनाभर म्हणून. पिलं टवटवीत झाली, मालक खूश, मी खूश. महिन्याचं वर्ष झालं, वर्षाची तीन. मी येता-जाता बघत होतो आणि बंद करा म्हणालो नाही. मग एका पावसाळ्यात खरीखुरी साथ आली. मी इंजेक्शनं काढली, त्याच घराण्यातली. दुसऱ्या दिवशी चार पिलं गेली, तिसऱ्या दिवशी सात. नमुना प्रयोगशाळेला पाठवला आणि निकालाची वाट न बघता स्वतः तिथे जाऊन उभा राहिलो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: काचेच्या बशीत जंतूंची साय धरवतात आणि तिच्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. औषध लागू असेल तर टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडतं, सायीत चंद्र उगवल्यासारखं. त्या बशीत सहा टिकल्या होत्या. दोघींभोवती रिंगण होतं. उरलेल्या चौघींना जंतू अगदी कडेपर्यंत भिडलेले. टेट्रासायक्लिनच्या टिकलीवर तर मला वाटलं ते चढतील आता. मी ज्यांना मारण्यासाठी औषध म्हणून रोज चिमूट चिमूट देत होतो, त्यांना तीन वर्षं मी तालीम देत होतो. आखाड्यात उतरवल्यावर ते जिंकले यात नवल काय?

वाढीसाठीचा डोस टनाला दहा ते पन्नास ग्रॅम असायचा. म्हणजे कमकुवत जंतू मरतील आणि चिवट उरतील असा. डेन्मार्कने याच भीतीने १९९५मध्ये अ‍ॅव्होपार्सिन हे वाढीसाठीचं अँटिबायोटिक बंद केलं, कारण त्याचं भावंड व्हँकोमायसिन हे माणसांच्या हॉस्पिटलातलं हातचं राखून ठेवलेलं औषध. स्वीडन त्याही आधी, १९८६ला. वाढीसाठीची सगळीच अँटिबायोटिकं युरोपीय संघाने २००६च्या जानेवारीत बंद केली. चीनमध्ये २०१५ला डुकरांत कोलिस्टिनला, म्हणजे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या अँटिबायोटिकला, दाद न देणारं जनुक सापडलं, एमसीआर-१, जे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. तेव्हा जगाची झोप उडाली. आपल्या सरकारने २०१९च्या जुलैत खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली.

बंदीनंतर डेन्मार्कमध्ये काय झालं हे आपल्या कामाचं. मोठ्या डुकरांच्या वाढीवर टिकून राहिलेला फरक पडला नाही. दूध तुटलेल्या पिलांत मात्र हगवण वाढली आणि उपचाराची औषधं काही वर्षं जास्त लागली. पुन्हा तेच, १६ आणि ४. भांडण जिथे होतं तिथेच उघडं पडलं.

म्हणून 'आता पुडीऐवजी कुठली पुडी?' असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारतो, दूध कितव्या दिवशी तोडता? सासष्टीतल्या एका आंटींची गोष्ट सांगतो. दोन माद्या, हॉटेलचं उरलंसुरलं तांब्याच्या जुन्या भाणात तासभर रटरटवून मगच दोणीत. न उकळता घालायचंच नाही, हे त्यांना मी सांगावं लागलं नाही. (भाणाचं तांबं त्यात किती उतरत असेल, हा विचार मनात येऊन गेला. मी मोजलं नाही.) त्या आठ आठवडे पिलं आईजवळ ठेवायच्या. मी कागदावर हिशेब करून दाखवला: गाभणकाळ ११४ दिवस, अठ्ठाविसाव्या दिवशी तोडलं तर वर्षाला जवळपास अडीच वेतं, छप्पन्न दिवस ठेवलं तर दोनच. म्हणजे अडीच वर्षांत तुमचं एक वेत बुडतं, आंटी. त्यांनी कागद नीट बघितला आणि विचारलं, "आणि दोतोर, यात मेलेली पिलं कुठे लिहिली?" लिहिली नव्हती. त्यांच्याकडे मरतच नव्हती, त्यामुळे रकाना मला सुचलाच नव्हता.

सगळ्यांना आठ आठवडे परवडणार नाहीत, हे कळतं मला. पण एकविसाचे अठ्ठावीस-पस्तीस दिवस करता येतात. आईजवळ असतानाच कोरड्या खाद्याची ओळख करून देता येते. प्रथिनं थोडी कमी करून लायसिन, म्हणजे प्रथिनांचाच एक घटक, वरून घालता येतं. बेंझॉइक, फॉर्मिक यांसारखी आम्लं आहेत, जठराला हात देणारी. आणि दूध तोडल्यावर पहिले पाच दिवस शेणाकडे बघण्याआधी दोणीकडे बघा. किती उरलं ते खडूने भिंतीवर लिहा. पिल्लू तिसऱ्या दिवशी पोटभर खायला लागलं तर निम्मी मखमल वाचली.

एक चिठ्ठी आलीय: 'खोबरेल तेलाने जंतू मरतात असं ऐकलं. मग डुकरांना खोबऱ्याची पेंड घातली तर चालेल का? आणि ओवा?'

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि काही जंतूंना ते खरंच सोसत नाही. ओव्यातलं थायमॉलही तसंच. पण प्रयोगशाळेतली बशी वेगळी आणि पोट वेगळं. पोटात ही द्रव्यं वरच्यावर शोषली जातात, खाली पोचेपर्यंत फारशी उरत नाहीत. ओवा मूठभर घातला म्हणून पुडीची जागा भरून निघणार नाही, पण वासाने पिल्लू खायला आलं तर तेवढाच फायदा. पेंडीचं म्हणाल तर तेल काढून घेतल्यावर तिच्यात तेल कितीसं राहतं? उरतो चोथा, आणि लायसिन कमी. मोठ्या डुकराला थोडी चालते, लहान पिलाला नको. आणि आत्ता पावसाळ्यात पेंडीचं पोतं जमिनीवर टेकवू नका, खाली फळ्या टाका. बुरशीचं विष डुकराच्या यकृताला फार लवकर लागतं. पोतं उघडलं की आधी हात घालून वास घ्या. खवट आला, मुठीत गोळा झाला, तर ती डुकराला घालू नका, टाका माडाच्या आळ्यात.